जुनी-नवी हत्यारं: यंदा कुणी काय घेतलं?

सागवानी
मंडळी, पाऊस ओसरला की पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडाचा माल परत जरा बरा दिसायला लागतो, त्यात खंडेनवमी तोंडावर आलीये म्हणजे सगळेच आपापल्या पेट्या उघडून पुसापुशी करणार, तर म्हटलं आत्ताच धागा काढावा. फक्त हातानं चालवायची हत्यारं. नवं, जुनं, आजोबांच्या पेटीतलं, भंगारातून उचललेलं, सगळं चालेल. किंमत आणि अवस्था मात्र खरी लिहा, म्हणजे पुढच्याला घासाघीस करताना अंदाज असतो.

माझ्यापासून सुरुवात. रेकॉर्ड कंपनीचा ०५ नंबरचा रंधा, इंग्लंडातल्या शेफिल्डचा, १४ इंची. जुना बाजार, मंगळवार पेठ, रविवारी सकाळी. अठराशे सांगितले, अकराशेला सुटला. वरून गंज भरपूर पण हाताला खरखरीत लागत होता एवढंच, खड्डे पडलेले नव्हते, आणि हा फरक मोठा आहे कारण वरचा गंज तासाभरात जातो पण तळाला तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं तिथे, खड्डा असेल तर घासून घासून हात मोडतील. पात्याला फटीच्या खाली अजून इंचभर पोलाद शिल्लक आहे. मागच्या मुठीचं वरचं टोक तुटलंय, ते शिसमाचा तुकडा चिकटवून करून घेईन. फोटो संध्याकाळी टाकतो.

कसबेकर
अकराशेला रेकॉर्ड म्हणजे मिळाला म्हणायचा! अभिनंदन. फोटो टाकाच, तळाचा पण.

नवशिका_औंध
सागवानी दादा, एक विचारायचं होतं. मला पहिलाच रंधा घ्यायचाय, बजेट दीड हजार आहे. सोबत दोन-तीन पटाशा पण हव्यात पण त्या पुढच्या महिन्यात घेतल्या तरी चालतील. बोहरी आळीत नवीन भारतीय बनावटीचा रंधा बघितला, छान चकचकीत होता, दुकानदार म्हणाला डोळे झाकून घ्या. जुन्या बाजारातला घ्यावा की हा? यूट्यूबवर बघून अजून गोंधळ झालाय.

सागवानी
@नवशिका_औंध माझं मत स्पष्ट आहे, पहिला रंधा जुना घ्या आणि पहिली पटाशी नवी घ्या. कारण सांगतो.

रंध्याचा सांगाडा म्हणजे बिडाचं ओतकाम. जे बीड पन्नास वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राहिलंय त्याचं जे काय वाकायचं ते केव्हाच वाकून झालंय, शिवाय त्याचा जो दोष असेल तो डोळ्यांना दिसतो. तळावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा, टोकाला, तोंडाजवळ आणि शेपटीला पट्टी टेकायला पाहिजे, मध्ये थोडा उजेड आला तरी चालतो. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत भेग आहे का बघा, तिथूनच बीड तडकतं. बोटाला टांगून हलकं ठोका, आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर ठेवून द्या. सगळे स्क्रू जागेवर आहेत ना हे तर बघाच बघा, कारण स्टॅनले-रेकॉर्डचे आटे वेगळेच असतात, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही.

पटाशीचं उलट आहे. जुन्या पटाशीला कुणीतरी कधीतरी ग्राइंडरवर दाबून धार लावलेली असते, पातं निळं पडलेलं असतं म्हणजे तापमान तीनशे अंशाच्या आसपास जाऊन पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, आणि मग विकणारा ती निळाई पॉलिशने घालवून टाकतो. बघून काही म्हणजे काही कळत नाही. घरी आणून शिसमावर दोन घाव घातले की धार दुमडते. म्हणून जुनी घ्यायचीच असेल तर खिशात एक छोटी बारीक कानस ठेवा आणि धारेच्या कडेला हळूच फिरवून बघा, घसरून गेली तर पोलाद कडक आहे, आणि चावली, भुगा निघाला, तर राहू द्या. विकणाऱ्याला विचारून करा, बरेच जण हो म्हणतात.

नवीन भारतीय रंध्यांबद्दल वाईट बोलणार नाही, जालंधरचे अनंत रंधे आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं चालवलेत. पण नवा घेतला तरी तळ आणि पात्याची पाठ घासून काढायचं काम सुटत नाही, मग तेवढीच मेहनत जुन्यावर करा ना.

लाकडाची_लेक
पटाशीबद्दल सागवानींशी अर्धी सहमत. दुकानात नवीन घेणार असाल तर ठीकच आहे, पण घडवून घ्यायचा तिसरा रस्ता पण आहे आणि तो कुणी सांगत नाही.

मी लाकडी पळ्या, डाव, वाट्या कोरते. त्याला गोल पटाशी लागते, बाजारात मिळते ती खूप उथळ असते किंवा मग परदेशी, आणि परदेशीची किंमत बघून बाजूला ठेवावी लागते. नगर रोडला शिक्रापूरच्या अलीकडे एक घिसाडी कुटुंब रस्त्याच्या कडेला भाता लावून बसलेलं असतं, कोयते, विळे, कुऱ्हाडी करतात. त्यांना मी पुठ्ठ्यावर आकार कापून दाखवला. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा त्यांच्याकडेच होता. दादांनी सांडशीत धरला आणि वहिनी घण मारत होत्या, आणि कुठे मारायचं ते दादा छोट्या हातोडीने ऐरणीवर टिचकी देऊन दाखवत होते, तोंडातून शब्द नाही. गोलाई दिली एका जुन्या पाइपच्या तुकड्यावर ठोकून.

पण मला सगळ्यात आवडलं ते पाणी देणं. तापून लाल झाल्यावर फक्त टोक, म्हणजे साधारण बोटाच्या पेराएवढं, पाण्यात बुडवलं आणि लगेच बाहेर काढलं, दगडावर घासून टोक चकचकीत केलं आणि मग बघत बसले. मागच्या भागात धग असतेच, ती पुढे सरकते आणि चकचकीत पोलादावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तो गडद होत वाळल्या गवताच्या रंगाचा होतो आणि त्याच्या मागे जांभळा येत असतो. तो जांभळा धारेपर्यंत पोचायच्या आत परत पाण्यात! थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. चारशे रुपये घेतले, मी पाचशे दिले आणि त्यात मला काहीही जास्त वाटलं नाही. दांडा बाभळीचा मी घरी बसवला. आंब्याच्या आणि शिवणीच्या लाकडात अशी जाते की बस.

नवशिका_औंध
ताई हे भारीच! मला वाटायचं ते लोक फक्त शेतीची अवजारं करतात. पुठ्ठा घेऊन जायची आयडिया लक्षात ठेवतो.

टूलरूमचे_काका
नमस्कार मंडळी. धागा वाचून आनंद झाला. मी भोसरीला टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त. लाकडातलं मला फार कळत नाही पण मोजमापाच्या हत्यारांबद्दल लिहितो, कारण जुन्या बाजारात मायक्रोमीटर आणि व्हर्निअर ढिगाने येतात आणि नवीन मुलं नाव बघून घेतात.

गेल्या बुधवारी मी ०-२५ मिमीचा, मिटुटोयो ह्या जपानी कंपनीचा मायक्रोमीटर सहाशेला घेतला, लाकडी डबी नाही, शून्य जुळवायचा सी-पाना नाही, पण चीज उत्तम. तपासायचं कसं ते सांगतो. घराबाहेर पडताना खिशात ६०८ नंबरचं नवीन बेअरिंग ठेवा, तेच स्केटिंगच्या चाकातलं, पन्नास-शंभर रुपयांत येतं. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आणि त्यात फरक असला तरी नऊ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तोही कमीच्या बाजूला. म्हणजे बरोबर असलेला मायक्रोमीटर २२.०० किंवा २१.९९ दाखवणार. आधी दोन्ही तोंडांमध्ये कोरा कागद हलका दाबून ओढून काढा म्हणजे मळ निघतो, मग बंद करून शून्य बघा. शून्य सरकलेलं असेल तर घाबरू नका, बाही फिरवून ते दोन मिनिटांत जागेवर येतं, उलट त्यावरून भाव पाडता येतो. पण शून्य बरोबर आणि २२ ला चूक असं असेल तर आटे झिजलेत, तो कितीही मोठ्या नावाचा असला तरी घेऊ नका. बेअरिंगची रुंदी मोजून तपासू नका, रुंदीला कंपन्या बरीच सूट घेतात. बाहेरचाच व्यास.

व्हर्निअरचे जबडे बंद करून आकाशाकडे धरा. उजेडाची रेघ टोकाला दिसली तर कुणीतरी त्याने आखणी केलेली आहे. आमच्याकडे व्हर्निअरने रेघ मारताना कुणी दिसला तर फोरमन दिवसभर बोलायचे.

आणि एक, जुने इंग्रजी पाने दिसतात ज्याच्यावर १/४ डब्ल्यू असं कोरलेलं असतं आणि तोंड मात्र अर्ध्या इंचापेक्षा मोठं. ते व्हिटवर्थचे पाने, तिथे आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नसतो. १/४ डब्ल्यूचं तोंड साधारण १३.३ मिमी, म्हणजे आपला १३ चा पाना तिथे नटावर जात नाही आणि १४ चा सैल बसून नटाचे कोपरे खातो. ज्यांच्याकडे जुनं लेथ किंवा जुन्या काळचं इंग्लिश मशीन आहे त्यांनी दिसले की उचलावेत, लोक त्यांना निरुपयोगी समजून किलोवर देतात.

कसबेकर
काका दंडवत! ६०८ चं बेअरिंग आजच घेतो. असं अजून येऊ द्या.

बुलेटवाला_हडपसर
व्हिटवर्थच्या पान्यांना +१००. माझ्या जुन्या बुलेटला काही ठिकाणी तेच लागतात, मी दोन वर्षं शोधत होतो. कुणाला ३/१६ डब्ल्यू दिसला तर प्लीज कळवा, योग्य किंमत देईन.

कसबेकर
माझी खरेदी. तांबट आळीत एका कारागिरांकडे जुनी मठारायची हातोडी होती, त्यांच्याकडे तसल्या आणखी होत्या म्हणून ही दिली, आठशे रुपये. मी घरी पितळेची छोटी कामं करतो, दिव्याच्या वाट्या वगैरे. आपल्याला वाटतं मठारकाम म्हणजे ठोकणं, पण सगळी जादू हातोडीच्या तोंडात आहे. तोंड आरशासारखं पाहिजे, कारण तोंडावर एक बारीक ओरखडा असला तरी प्रत्येक ठोक्याला तो तांब्यावर उमटतो, म्हणजे भांड्यावर हजार ओरखडे. त्यांनी मला बजावून सांगितलं की ह्या हातोडीनं खिळा मारायचा नाही, छिन्नी मारायची नाही, आणि काम झालं की तोंडाला तेल लावून कापडात गुंडाळायची. मी चामड्याचं टोपणच शिवून घेतलंय.

मोडी_तोडी
गंज काढायला तुम्ही लोक काय वापरता? मी व्हिनेगर वापरतो पण वास फार येतो आणि बायको घरात ठेवू देत नाही.

सागवानी
@मोडी_तोडी सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे, वास नाही. पितळेचे भाग आधी काढून ठेवा. रात्रभर ठेवून झोपू नका, दोन-तीन तासांनी बघत राहा, नाहीतर चांगलं लोखंडही खायला लागतं आणि करडा रंग चढतो. बाहेर काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून ब्रशने घासायचं आणि लगेच कोरडं करायचं, अगदी हेअर ड्रायर फिरवायचा, कारण तेवढ्या पाच मिनिटांत पिवळी झाक येते. मग शिवणयंत्राचं तेल. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं.

टूलरूमचे_काका
मोठ्या वस्तूला, म्हणजे वाईस वगैरे, विजेवर गंज काढणं बरं पडतं. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा साधा जुना बॅटरी चार्जर. नवे स्मार्ट चार्जर समोर बॅटरी नसली तर सुरूच होत नाहीत. निगेटिव्ह वायर हत्याराला, पॉझिटिव्ह सळईच्या तुकड्याला, उलटं केलंत तर हत्यारच विरघळायला लागेल. आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा-बिमचा अजिबात लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून गच्चीवर करा, बंद खोलीत नाही. वायरींना हात लावायच्या आधी चार्जर बंद. ह्याचा फायदा असा की चांगलं लोखंड खात नाही, विसरलात तरी वस्तू शाबूत राहते.

नाशिककर_पुण्यात
मी नवीन घेणाऱ्यांतला. टपारियाची आठ इंची पक्कड आणि रिंग पान्यांचा सेट, बोहरी आळीतून. आमच्या नाशिकची कंपनी म्हणून थोडा अभिमान आहे हे मान्य, पण वस्तूही तशीच आहे, वडिलांची पक्कड घरात अजून चालतेय, फक्त रबर बदललं.

एक सावधगिरी. त्याआधी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून हीच पक्कड मागवली होती, आली ती नकली. ओळखायचं कसं तर जबडे बंद करून उजेडाकडे धरा, खऱ्या पकडीचे जबडे पुढे टेकतात आणि कापायची धार पूर्ण मिटते, नकलीला मध्ये फट होती. कागदाचा तुकडा कापून बघा, खरी स्वच्छ कापते, नकली कागद दुमडून चावते. रिव्हेट हाताला डुगडुगतो. वायरिंगचं काम करणाऱ्यांनी तर ह्यात शंभर रुपये वाचवायला जाऊच नये, मुठीच्या इन्सुलेशनवर माणसाचा जीव असतो.

लाकडाची_लेक
वायरिंगबद्दल अगदी खरं.

सागवानी, एक मनातलं लिहू का. जुन्या बाजारात एवढे रंधे येतात कुठून ह्याचा विचार केलाय कधी? आता सगळं काम प्लाय आणि सनमायक्याचं, त्याला रंधा लागतच नाही, लागला तर मशीनचा. म्हातारे सुतार गेले की मुलं पेटी भंगारवाल्याला देतात. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत, त्यांच्याकडे सागवानाचा घरी केलेला रंधा आहे, तळाला त्यांच्या हाताच्या दाबाने एका बाजूला गुळगुळीत झिजलेला. मी विकत मागितला नाही, चालवायला शिकवा म्हटलं. तर लोकहो, हत्यार घेतलंत की ते चालवणारा एखादा म्हातारा कारागीर शोधा आणि त्याच्याजवळ बसा. रंधा किती तिरका धरायचा, लाकडाची रेषा कुठे उलटते, हे हत्याराबरोबर येत नाही.

सागवानी
ताई, मनापासून पटलं. मी तर म्हणतो घेतलेलं हत्यार चालतं ठेवणं हाच त्या कारागिरांचा मान आहे. काचेच्या कपाटात ठेवायला घेणाऱ्यांमुळे भाव चढतात आणि ज्याला खरंच काम करायचंय त्याच्या हाताला काही लागत नाही. संग्रहाला माझा विरोध नाही, पण निदान धार लावून ठेवा.

नवशिका_औंध
धारेसाठी दगड कुठला घेऊ? ऑनलाइन तर दोनशेपासून पाच हजारांपर्यंत आहेत.

सागवानी
आत्ता दगड घेऊच नका. काच दुकानातून १० मिमी जाड काचेचा तुकडा, कडा घासून घ्या, त्यावर वॉटर पेपर पाणी मारून चिकटवा, ४००, १०००, २००० नंबरचे. पात्याची पाठ पुढचा अर्धा-एक इंच सपाट आणि चकचकीत होईपर्यंत घासा, पाठ सपाट नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग पुढून २५ अंश, आणि अगदी टोकाला ३० अंशाची बारीक पट्टी. पाठीमागे बोट फिरवलं की बारीक बर, म्हणजे दुमडलेली खरखरीत कड, लागते, ती पूर्ण रुंदीवर लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. शेवटी चामड्यावर ओढा. चामडं चप्पल शिवणाऱ्याकडे पाच-पन्नास रुपयांत मिळतं, जाड आणि गुळगुळीत मागा.

टूलरूमचे_काका
खंडेनवमीचं आलंच आहे तर एक सांगतो. पूजा जरूर करा, आमच्याकडे त्या दिवशी मशीन बंद, सगळी हत्यारं पुसून मांडायचो, झेंडूचे हार. पण ओलं हळद-कुंकू आणि फुलाचं पाणी घासलेल्या पोलादावर रात्रभर राहिलं की सकाळी तिथे डाग दिसतो आणि मोजमापाच्या हत्याराला तो कायमचा बसतो. आम्ही तेलाचा हात फिरवून मग कुंकू लावायचो, तेही दांड्याला किंवा डबीला, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आठवणीने पुसून घ्यायचो. मायक्रोमीटरच्या तोंडांना तर लावूच नका.

मोडी_तोडी
हे कुणीच सांगत नाही, धन्यवाद काका. लिंबूफूल वापरलं, एक नंबर, घरातही कुणी काही म्हणालं नाही.

माझी खरेदी: जुनी हातकरवत, स्पिअर अँड जॅक्सन, पितळी स्क्रू, साडेतीनशे. सोबत एक्लिप्सची ७७ नंबरची दात फाकवायची पक्कड दीडशेला. करवतीचं पान उजेडात धरून बघितलं, सरळ आहे, पण दात एकदम बोथट. आता दातांना धार घरी लावता येते का? आणि त्या पकडीवरच्या गोल चकतीचे आकडे कसले?

सागवानी
@मोडी_तोडी दोन्ही झकास घेतलंत. घरी नक्की लागते, फक्त दातांची टोकं निळसर-काळी असतील तर नाही, तसली कडक केलेली असतात आणि कानसच खराब होते. तुमची जुनी आहे, तिला कानस लागणार. दोन पट्ट्यांमध्ये करवत आवळून वाईसमध्ये धरा, दात जेमतेम वर राहतील एवढीच, नाहीतर कर्कश किंचाळते. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीला एकदा फिरवा, प्रत्येक टोकावर चमकणारा ठिपका दिसेल. मग नवी तिकोनी कानस, जुनी चालणार नाही, प्रत्येक दाताला सारखेच हात, पुढे ढकलताना दाब आणि परत आणताना उचलून. ठिपका नाहीसा झाला की थांबा, पुढच्या दाताकडे. कानशीला आधी खडू घासा म्हणजे लोखंड दातांत अडकत नाही.

चकतीचे आकडे इंचाला किती दात ह्याचे आहेत. पट्टी ठेवून तुमच्या करवतीचे मोजा, पण चकती त्याच आकड्यावर लावू नका, एक-दोनने पुढचा आकडा घ्या, म्हणजे दात कमी फाकतील. आपलं सागवान कोरडं असतं, त्याला जास्त फाक लागत नाही, आणि कमी पडली तर परत वाढवता येते. एक सोडून एक दात, मग करवत उलटी करून उरलेले. दात मुळापासून वाकवू नका, वरचा अर्धाच, नाहीतर तुटेल. झालं की टाकाऊ फळीवर कापून बघा, करवत एका बाजूला ओढत असेल तर कुठल्या बाजूला ते इथे लिहा, बघू.